काठापदराचा पडदा

"मंगल, मागावरचं लुगडं अर्ध्यात उतरवायचं न्हाय."

हे माझ्या सासऱ्यांचे, आप्पांचे जातानाचे शब्द. दवाखान्यातल्या कॉटवर पडल्यापडल्या त्यांनी मला हे बजावलं, तेव्हा आमच्या बेळगाव-शहापुरातल्या घरात मागावर एकही लुगडं अर्धं नव्हतं. अर्धी होते ती मी. बी. ए.चे सगळे पेपर झाले होते, एकच राहिला होता, आणि नेमक्या त्याच दिवशी आमची सौम्या जन्माला आली. त्याला आता तेवीस वर्षं झाली. सौम्या शिकून बेंगळुरात नोकरीला लागली, पण आईचा पेपर काही सुटेना.

"व्हय आप्पा," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच इतका बारीक, की त्यांना ते ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. पण देवाला ऐकू गेलं असणार. आणि एकदा त्याच्या कानावर गेलं की माझ्या लेखी ते व्रतच.

व्रतांचं मला ओझं वाटत नाही. पहाटे तुळशीला अकरा प्रदक्षिणा, मग वहीत एकशेआठ वेळा नाम, आणि सोमवारी सूर्य उगवल्यापासून तिन्हीसांजेला देवापुढं दिवा लागेपर्यंत मौन. हे मौन वीस वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. एकदा सोमवारीच सिलिंडरवाला "मॅडम, ग्यास लीक होतोय," म्हणून ओरडला, तेव्हासुद्धा मी आधी पाटी शोधली, पेन्सिल शोधली आणि "कुठं?" असं लिहून त्याच्यापुढं धरलं. तोवर तो गल्लीच्या टोकाला पोचला होता.

माझ्या सासूबाई मालुबाई, म्हणजे आमच्या आत्या, यांना हे काही मंजूर नाही. "तुझा देव काय शाळंतला मास्तर हाय व्हय, रोज हजेरी घ्यायला?" असं त्या विचारतात. विचारताना त्यांचं बोट तोंडात असतं, कारण आत्यांचा नेम एकच, आणि तो म्हणजे मिश्री. माहेर निपाणीचं. तिथून त्यांचा धाकटा भाऊ कल्लाप्पा दर महिन्याला पितळी डबा भरून भाजलेल्या तंबाखूची पूड पाठवतो. ती सुटावी म्हणून मी एकदा सोळा सोमवार केले. उद्यापनाच्या दिवशी कल्लाप्पामामांनी आधीपेक्षा मोठा डबा पाठवला.

तेव्हा मी पेपर देणार हे कळल्यावर आत्या तुळशीकट्ट्यावर बसून काय म्हणाल्या असतील, ते सांगायला नको. तरी सांगते. त्या म्हणाल्या, "तू पास झालीस तर मी मिश्री सोडीन, जा." शेजारच्या बायाक्कांना हे ऐकून इतकं हसू आलं की त्यांना दाराची चौकट धरावी लागली. मला वाईट वाटलं नाही. म्हणजे, वाटलं. पण त्या दिवशी सोमवार होता.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यासकेंद्रात गेले. माझा राहिलेला पेपर संतसाहित्याचा. म्हटलं, चला, यात आपल्याला कोण अडवतंय? तिथल्या कारकुनानं संगणकात डोकं घालून बराच वेळ शोधलं.

"संत इल्ला, मॅडम," तो म्हणाला. "संत गेले. सिल्याबस चेंज."

संत असे कुठं जातात, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"त्याच्या बदली हे आलंय," म्हणून त्यानं एक पुस्तक पुढं सरकवलं. 'जागतिक चित्रपट : संस्कृतीचा आविष्कार.' मी आयुष्यात एकूण अकरा सिनेमे पाहिलेले, आणि त्यातल्या नऊ सिनेमांत शेवटी देव प्रत्यक्ष येतो. उरलेल्या दोनांत तो का आला नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

लेखी पेपराची मी काळजी केली नाही. पाठांतर आहे. वीस वर्षं स्तोत्रं म्हणणाऱ्या बाईला 'इटलीतील वास्तववाद' म्हणजे दोन पानांचं अष्टक. घोडं अडलं ते प्रकल्पापाशी. एक परदेशी चित्रपट, किमान पंचवीस प्रेक्षकांना दाखवायचा, त्यांचे सह्यांनिशी अभिप्राय घ्यायचे आणि वर परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची.

पुस्तकात पाच चित्रपटांची यादी होती. ही बातमी गल्लीत पसरली तशी मारुतीरावांची स्वारी घरी आली. मारुतीराव म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले हेडक्लार्क. गल्लीतलं सगळं इंग्रजी त्यांच्या ताब्यात.

"वहिनी, परदेशी चित्रपट म्हणजे… तुमच्या लक्षात आलं ना?"

मी नाही म्हटलं.

"म्हणजे त्यांच्यात कसं असतं, की…" ते छताकडे पाहू लागले. "असू दे. समाजाच्या हितासाठी मी आधी तपासून देतो."

पाचही चित्रपट घेऊन ते आठ दिवस घरात बसले. नवव्या दिवशी त्यांचा अहवाल आला. चार चित्रपट कुटुंबाला अयोग्य. खात्री व्हावी म्हणून ते त्यांनी दोनदोनदा पाहिले होते. पाचवा किर्गिझस्तानचा. त्यात सासू, सून, चाळीस मेंढरं आणि एक डोंगर. "ह्यात आक्षेपार्ह काहीही नाही," ते म्हणाले. का कोण जाणे, आवाज जरा पडलेला वाटला.

खासबागेत समाजाचा हॉल मिळाला, पण सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे परवानगी आली. कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि ते खुर्चीत ताठ झाले.

"सिनेमा? मराठी?"

"नाही."

"मग कन्नड का न्हाय?"

"कन्नड पण नाही, साहेब. किर्गिझ."

साहेबांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलानं साहेबांकडे पाहिलं. आमच्या सीमाभागात भाषेचं नाव काढलं की माणसं आधी मागं कोण उभं आहे ते बघतात. पण किर्गिझ ही बेळगावातली बहुतेक एकमेव भाषा असावी, जिच्याबद्दल कुणाचीच काही तक्रार नाही. साहेबांचा चेहरा असा खुलला, जणू बरेच दिवस ते हिचीच वाट पाहत होते. "मग काय प्राब्लेम न्हाय," म्हणून त्यांनी लगेच शिक्का मारला. फक्त बाहेरच्या फलकावर कन्नड अक्षरं वर आणि मोठी हवीत, एवढं बजावलं. किर्गिझची अक्षरं कुठं घालायची, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

पुढचा प्रश्न पडद्याचा. आमच्या ह्यांचे घरी दोन पॉवरलूम. सिनेमातलं त्यांना काही कळत नाही, पण कापडाचं नाव निघालं की त्यांच्या अंगात येतं. "बाजारातनं कशाला आणायचं? मी देतो विणून." दोन दिवस रात्रंदिवस खडखडाट. तिसऱ्या दिवशी त्यांनी पांढरंशुभ्र कापड माझ्यापुढं उलगडलं. दोन्ही बाजूंना बोटभर लाल काठ, आणि एका टोकाला चांगला हातभर पदर.

"अहो, पडद्याला काठ?"

"काठाबिगर कापड?" ते खरोखरच दुखावले. "मग ते काय कापड झालं व्हय?"

शिवाय एका पन्ह्यात पडदा बसेना, म्हणून असे दोन पट्टे मध्ये शिवून जोडलेले. म्हणजे किर्गिझस्तानच्या मधोमध लाल सीमारेषा. आम्हाला त्याची सवय आहे म्हणा.

आणि मग पत्र आलं. परीक्षक धारवाडहून येणार, महादेव सर, सोमवारी चार वाजता; सिनेमा आणि तोंडी त्यांच्यासमोर एकाच दिवशी. मी केंद्रावर धावत गेले. "दुसरा वार?" "इल्ला मॅडम. सरांचा सोमवारच. न्हायतर पुढच्या वर्षी."

तोंडी परीक्षा, आणि सोमवार. त्या दिवशी मी देवापुढं बराच वेळ बसले. देवानं काही सुचवलं नाही. पण मारुतीराव आले. पडद्यावर खाली इंग्रजीत जे उमटतं, ते मराठीत मोठ्यानं सांगायचं काम त्यांनी आपण होऊन पत्करलं. तेवढं निभावलं. तोंडी परीक्षेचं काय, ते मी देवावरच सोडलं.

पंचवीस प्रेक्षक जमवायचं बायाक्कांनी अंगावर घेतलं. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, "सोमवारी मंगलच्या उद्यापनाला या." चूक त्यांची नाही. आजवर माझ्याकडून गेलेलं प्रत्येक बोलावणं उद्यापनाचंच होतं. त्यामुळं चार वाजता हॉलमध्ये त्रेसष्ट बायका आल्या, त्या ठेवणीतली लुगडी नेसून, नारळ आणि खण घेऊन. मला सतरंजीवर बसवून माझी ओटी भरली. मी हातवारे करून 'सिनेमा, सिनेमा' सांगत होते. त्यांना वाटलं आशीर्वाद देतेय. मग बायाक्कांनी ताट फिरवून सगळ्यांच्या मुठीत अक्षता दिल्या. कहाणी संपेपर्यंत अक्षता टाकायच्या नाहीत आणि कुणी मधून उठायचं नाही, हा नियम काय सांगावा लागतो?

महादेव सर आले, उंच, शांत, खांद्याला पिशवी. मुठी आवळून बसलेल्या त्रेसष्ट बायका पाहून दारातच थबकले. मी नमस्कार केला आणि पाटी दाखवली. त्यावर सकाळीच लिहून ठेवलं होतं, 'क्षमस्व. सोमवारचं मौन. दिवा लागल्यावर बोलेन.'

"पण ही तोंडी परीक्षा हाय," सर सावकाश म्हणाले.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. "दिवा लागंपातूर थांबा की. च्या घ्या."

खिडक्यांवर लुगडी टाकून अंधार केला. पडद्यावर डोंगर उगवला, काठापदरासकट. त्यातून चाळीस मेंढरं चालत आली आणि शिवणीपाशी एकेक वाकडी होत पलीकडे गेली. मग सासू दिसली, काहीतरी बोलली. खाली अक्षरं उमटली. मारुतीराव उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"ती म्हणते, 'वारा उद्या सुटला असेल.' आता इथं भविष्यकाळ पूर्ण आहे, तेव्हा लक्षात घ्या की…"

भविष्यकाळ पूर्ण होईपर्यंत सून बोलली, सासू बोलली, एक मेंढरू पळालं आणि ते धरून आणलं.

"ओ मारुतीराव," मागून कुणीतरी ओरडलं, "मेंढरू सापडलं, तुमी अजून वाऱ्यातच!"

"व्याकरण नको असेल तर मला कशाला बोलावलं?" मारुतीराव कडाडले, आणि टोपी घालून निघूनच गेले.

पडद्यावर सून काहीतरी विचारत होती. खाली अक्षरं उमटत होती, पुसत होती, आणि त्रेसष्ट तोंडं माझ्याकडं वळली होती. ते इंग्रजी वाचता येणारी आता आमच्यात मी एकटी. सरांनीही पेन काढलं होतं.

"मंगल, बोल की गं!" बायाक्का कळवळून म्हणाल्या. "एक सोमवार. देव काय म्हणत न्हाय."

माझ्या डोळ्यांपुढं आप्पांची कॉट आली. वीस वर्षांचे सोमवार एकीकडे आणि ते एक 'व्हय आप्पा' दुसरीकडे. मी तोंड उघडलं. खरं सांगते, उघडलं होतं.

"तिला कुणी बोलाय लावायचं न्हाय." आत्या हाताचा रेटा देऊन उठल्या. रोज माझ्या देवाची हजेरी घेणाऱ्या आमच्या आत्या! "तिचा सोमवार हाय. मी हाय की सांगाय."

"तुमाला इंग्रजी येतंय व्हय?" बायाक्का.

"सासू हाय ती, सून हाय ती. त्येला इंग्रजी कशाला?"

आणि पदर खोचून आत्या पडद्याशेजारी उभ्या राहिल्या.

सासूनं वाटीत चहा ओतला. "म्हणतीय, घे, लई थंडी हाय." सून काही बोलली. "म्हणतीय, तुमी आधी घ्या. आतनं राग हाय, पण बोलत न्हाय. बघा कशी वाटी ठेवली." खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'रशियातून पत्र आलं का?' मी डोकं धरलं. इतक्यात सासू दाराकडं पाहू लागली, आणि आत्या म्हणाल्या, "ल्योक परगावी हाय. दोघींचीबी वाट बघून झाली, पण एकमेकीला सांगत न्हाईत." मी डोक्यावरचा हात काढला.

मग तो भाग आला, ज्याबद्दल पुस्तकात छापलं होतं, 'येथे सर्वसामान्य प्रेक्षक कंटाळण्याचा संभव आहे.' अकरा मिनिटं कुणी बोलत नाही. दोघी समोरासमोर बसून लोकरीचं एक कापड विणतात, बस. पण पडद्यावर उभ्या धाग्यांचा ताणा दिसला मात्र, आमचा हॉल जागा झाला.

"धोटा न्हाय गं त्यांच्याकडं, हातानंच घालतीय!"

"सुनंचा हात हलका हाय."

"ताणा ढिला पडलाय, ओढ!" आमचे हे मागं उभे होते ते थेट पडद्यापर्यंत आले. "ओढ म्हणतो! ओढ की!" सुनेनं ओढला. हॉलभर सुस्कारा.

सरांनी लिहायचं थांबवून मागं वळून पाहिलं. अकरा मिनिटं संपली तेव्हा बायकांना वाटलं, लवकर आटोपलं.

शेवटी सून नवऱ्याच्या शोधात शहराला निघते. सासू दारात उभी. सुनेच्या खांद्यावर शाल, शालीला लाल पट्टा. पुस्तकात यावर पाऊण पान आहे. लाल रंग म्हणजे क्रांती. मी प्रकल्पाच्या वहीत ते सुवाच्य उतरवून खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

आत्या पडद्याजवळ गेल्या आणि त्यांनी बोट लावलं. डोंगराची सावली त्यांच्या पाठीवर पडली.

"हा काठ नवा न्हाय," त्या म्हणाल्या. "पैल्यांदा सासू आली तवा तिच्या अंगावर हाच हुता. बघा, आता तिची शाल बोडकी हाय. आपला काठ उसवून तिनं सुनंला जोडलाय. वाटंत थंडी हाय न्हवं." मग बोट काढून घेत, "आनि सांगितलंबी न्हाय. सासू हाय ती."

त्रेसष्ट मुठी उघडल्या. अक्षतांचा पाऊस किर्गिझस्तानवर पडला.

खिडक्यांवरची लुगडी काढली तर बाहेर अजून ऊन. सर खरंच थांबले. चहा झाला. अभिप्रायाचे कागद भरून झाले. 'या चित्रपटातून कोणती संस्कृती व्यक्त होते?' यावर एकीनं लिहिलं होतं, 'मेंढरं चांगली राखल्यात.' दुसरीनं, 'सून मुकाट्यानं ऱ्हाती पण गरीब समजू नका.' ह्यांनी पूर्ण पान भरून ताण्याचा दोष लिहिला, वर आकृतीही काढली.

हॉलच्या कोपऱ्यातल्या देवीपुढं साडेसहाला मी दिवा लावला, हात जोडले आणि सरांपुढं बसले.

"त्या लाल रंगाचं प्रतीक सांगा," सरांनी पहिलाच प्रश्न टाकला. समोर माझी वही उघडी. क्रांती, खाली दोन रेघा. उत्तर पुस्तकातलं, गुण पुस्तकातल्या उत्तराला. आत्या जोड्यात पाय घालत होत्या, पण कान इकडं होता, हे मला न वळताही कळत होतं.

"पुस्तकात क्रांती म्हटलंय," मी म्हणाले. "पण… तो सासूच्या शालीचा काठ आहे."

"ऐकू येत न्हाय. जोरात सांगा."

"सासूच्या शालीचा काठ आहे!" मी म्हटलं. इतकं मोठ्यानं, की दाराबाहेर गेलेल्या चारपाच बायका परत आत आल्या.

सरांनी दोन रेघांची ती वही मिटून ठेवली. मग म्हणाले, "हा पिक्चर मी सोळा वेळा दाखवलाय. विद्यार्थी मधेच उठून जातात. शालीकडं मीसुद्धा कधी बघितलं न्हाय." पुढं त्यांनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पिशवी खांद्याला लावून गेले. जाताना आत्यांना मात्र वाकून नमस्कार करून गेले.

मधले दोन महिने कसे गेले ते देवालाच माहीत. त्याला मी दर तासाला विचारत होते. निकाल शनिवारी फोनवर आला. उत्तीर्ण. मी आप्पांच्या फोटोपुढं साखर ठेवली आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "उतरलं, आप्पा." बायाक्कांनी गल्लीभर पेढे वाटले. मारुतीराव स्वतः येऊन म्हणाले, "पाया कुणी घातला, हे विसरू नका." ह्यांनी पडद्याचा काठ कापून ठेवून घेतला, का ते सांगितलं नाही.

आत्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. आमटीला मीठ कमी हाय."

मिश्रीचं नाव कुणी काढलं नाही. मी तर मुळीच नाही. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला थट्टेत बोललेल्या शब्दात धरायचं, हे मला बरं वाटेना.

सोमवारी सकाळी प्रदक्षिणा संपवून आले, तर न्हाणीच्या फळीवरचा पितळी डबा जागेवर नव्हता. फळीवर नुसता त्याचा गोल डाग. ओसरीवर आत्या बसल्या होत्या. ठेवणीतलं इरकल नेसलेलं, तोंड स्वच्छ धुतलेलं, हातात कापडी पिशवी. पिशवीतून डब्याचं झाकण दिसत होतं, सुतळीनं घट्ट बांधलेलं.

मी डोळे मोठे केले. दुसरं काही करताच येत नव्हतं.

"निपाणीला जाऊन येतो," आत्या चपला घालत म्हणाल्या. "कल्लाप्पाचा डबा त्याचा त्याला देऊन टाकतो."

बायाक्कांनी दारातून मान बाहेर काढली. "त्येला फोन करा की! त्यासाठी निपाणीला कशाला?"

"फोनवर सांगितलं तर आनि एक पाठवंल त्यो."

मी दारातच उभी होते. माझ्या खांद्यावर सुती शाल होती, पहाटेची. ती काढून मी त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी नको म्हटलं नाही. काठ तेवढा चिमटीत धरून पाहिला, शाल नीट ओढून घेतली आणि पिशवी सावरत गल्लीतून बसच्या रस्त्याला लागल्या.